घरात पूर्ण कच्चा आहार सुरू झालाय, नाशिककर जरा मदत करा

गंगेवरची_सई
नमस्कार मंडळी. आमचे अहो एका निसर्गोपचार शिबिराला जाऊन आले आणि तेव्हापासून घरात गॅस पेटवला की गुन्हा केल्यासारखं वाटतं. 45 अंशांच्या वर तापलेलं काहीही खायचं नाही, चहा नाही, दूध नाही, मीठही शक्यतो नाही. त्यांचं कोलेस्टेरॉल काठावर आलंय, वजनही उतरवायचंय, म्हणून मी मोडता घालत नाहीये. शिवाय थंडी सरतेय, बाजारात गाजर, मुळा, मटार, पातीचा कांदा, द्राक्षं सगळं भरपूर आहे. करायचं तर हेच दिवस.

पण घरात आम्ही चौघं. सासूबाईंना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. लेक अकरावीत, सकाळी क्लासला डबा घेऊन जाते. अहोंचं म्हणणं, सगळ्यांनी मिळून करू. सासूबाई म्हणतात, "हरतालिकेला एक दिवस विस्तवावरचं खात नाही, तेवढं पुरे आहे." मला तीन माणसांच्या तीन तऱ्हा सांभाळायच्या आहेत. मोठं ताट भरून कोशिंबीर खाल्ली तरी दुपारी चारला पोटात कावळे ओरडतात, त्याचं काय करायचं? मोड आलेली कडधान्यं तशीच कच्ची चालतात का? आणि भाजी इतकी कच्ची खायची तर धुवायची कशी? आम्ही इंदिरानगरला राहतो, बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारातून आठवड्याची भाजी आणते.

मटकीची_तर्री
नाशिकमध्ये राहून मिसळ सोडणार? दाजींना आधी गंगापूर रोडला घेऊन जा, मग बोलू.

हिरवा_कंदील
सई, मी गेली काही वर्षं संध्याकाळपर्यंत कच्चं आणि रात्री एक शिजवलेलं जेवण असं करतो. तुझा भुकेचा प्रश्न सगळ्यांना पडतो. काकडी, टोमॅटो, गाजर म्हणजे मुख्यतः पाणी. त्यावर पोट फुगतं, भरत नाही. स्निग्ध पदार्थ घाल. ओला नारळ, भिजवलेले शेंगदाणे, तीळ, जवस, वर चमचाभर घाण्याचं तेल. गाजरातलं आणि पालेभाज्यांतलं कॅरोटीन अंगी लागायलाही तेल लागतंच, नुसत्या किसलेल्या गाजराचा तो फायदा निम्मा वाया जातो.

आणि परदेशी सॅलडच्या मागे लागू नकोस. आपल्याकडचा घोळाणा कर. कोवळी मेथी किंवा हरभऱ्याचा पाला, पातीचा कांदा, हिरवी मिरची बारीक चिरायची, शेंगदाण्याचं जाडसर कूट, लिंबू, कच्चं तेल, हाताने कालवायचं. मळ्यावर आजही भाकरीबरोबर मेथीची कच्ची जुडी आणि मुळा खातात. खमंग काकडी, गाजराची पचडी, मुळ्याचा कीस, कैरी आली की तिचा तक्कू. ताटाची डावी बाजू आधीच कच्ची आहे, तीच मोठी करायची.

अडगळीतला_पाटा
कंदीलभाऊ, शेंगदाण्याचं कूट भाजलेल्या दाण्यांचं असतं. 45 अंशांचा नियम पाळायचा तर ते बाद. खमंग काकडीवरची फोडणी बाद. मी एकदा बसून हिशेब केला होता. पोहे कच्चे नाहीत, भात गरम पाण्यात भिजवून, भाजून मग कांडतात, म्हणजे दडपे पोहेसुद्धा गेले. चुरमुरे गेले, त्यामुळे भेळ गेली. गूळ तर कढईत तासन्‌तास उकळलेला. काजू "कच्चा" म्हणून मिळतो, पण टरफल फोडायच्या आधी बी वाफवतात किंवा भाजतात, नाहीतर त्यातलं तेल हात भाजून काढतं. साबुदाणा करतानाही तव्यावर तापवलेला असतो. बेदाणे मात्र बसतात, सावलीत वाळवतात.

नियमच पाळायचा तर नीट पाळा, नाहीतर "जास्त कच्चं खातो" असं म्हणा. दुसरं म्हटलंत तर कुणाची काहीच हरकत नाही.

गंगेवरची_सई
पाटासाहेब, तुमची पोस्ट अहोंना वाचून दाखवली. गुळावर थोडा वेळ शांत बसले. मग म्हणाले मध चालेल.

स्टेथो
मी फिजिशियन आहे. इथे कुणालाही तपासलेलं नाही, तेव्हा सर्वसाधारण बोलतो. तरीही सासूबाईंबद्दल स्पष्ट सांगतो, त्यांना यात ओढू नका. मधुमेहाच्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, आणि इन्सुलिन हे तुमच्या रोजच्या भाकरी-भाताच्या अंदाजाने ठरवलेले असतात. पिष्ट एकदम निम्म्यावर आणलं आणि गोळी तीच ठेवली, तर साखर खाली कोसळते. घाम, थरथर, कधी बेशुद्धी. काही बदल करायचाच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळीचा डोस ठरवा. एकट्या मेटफॉर्मिनवर हा धोका कमी असतो. तरी मधुमेह जुना असेल तर किडनीची तपासणी झालेली असावी. किडनी अशक्त असलेल्यांना आम्ही भाजी उकळून पाणी फेकायला सांगतो, कारण पोटॅशियम पाण्यात उतरतं. कच्ची भाजी, फळांचे रस, शहाळं यांत ते सगळं शाबूत राहतं.

घरात कुणी रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असेल तर हिरव्या पालेभाज्या अचानक वाढवायच्या नाहीत, त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो.

आता अकरावीतली लेक. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्या पाचशेवर लोकांची पाहणी केली होती, 1999 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 45 वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे 30 टक्क्यांची पाळी अनियमित किंवा बंद झालेली होती. कारण गूढ नाही, उष्मांक कमी पडले, वजन उतरत गेलं, शरीराने खर्च कापला. त्यांच्याच पुढच्या एका अभ्यासात अशा लोकांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी आढळलं, ही तुमच्या यजमानांसाठी चांगली बातमी. पण चांगलं कोलेस्टेरॉलही कमी होतं आणि बी-12 च्या कमतरतेने रक्तातलं होमोसिस्टीन, म्हणजे हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलं जाणारं एक द्रव्य, वाढलेलं होतं. आपल्याकडे शाकाहारी माणसात बी-12 आधीच तळाला असतं. दूध-दही बंद करून वर कच्चा आहार म्हणजे गोळी घ्यावीच लागणार. सुरू करण्याआधी रक्तातलं बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.

हिरवा_कंदील
डॉक्टर, सगळं मान्य, पण शिजवल्याने अन्नातली एन्झाइम्स मरतात हे तरी खरं ना? जिवंत अन्न जिवंत शरीराला.

स्टेथो
मरतात, खरं आहे. पण ती एन्झाइम्स त्या वनस्पतीच्या कामासाठी असतात, आपल्या पचनासाठी नाही. आणि ती प्रथिनंच असल्यामुळे आपल्या जठरातल्या आम्लात बहुतेक तिथेच तुटतात. पचनासाठी लागणारी एन्झाइम्स आपलं स्वादुपिंड बनवतं. शिजवण्याचा तोटा खरा तो सी जीवनसत्त्वाचा आणि फोलेटचा, त्यासाठी लिंबू, पेरू, कोथिंबीर कच्ची खाच. उलट टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचं लाल रंगद्रव्य, शिजवल्यावर जास्त मिळतं. गीसेनच्याच लोकांच्या रक्तात लायकोपीन कमी सापडलं होतं, बीटा कॅरोटीन मात्र चांगलं होतं.

गांधीजींनीही 1929 मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, हिरवा पाला, लिंबू, मध. "यंग इंडिया"त त्यावर लिहिलं, आणि पोट बिघडून अशक्तपणा आला तेव्हा थांबवलंही.

मटकीची_तर्री
म्हणजे मध चालेल हे दाजींचं बरोबर निघालं.

इझारकाठची_मेघना
सई, मोडांबद्दल लिहिते. मी 2011 मध्ये जर्मनीत, म्युनिकमध्ये होते. त्या उन्हाळ्यात देशात ई-कोलाय या जंतूची साथ आली, सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. दुकानांत काकड्या, टोमॅटोचे ढीग पडून, कुणी हात लावेना. शेवटी सापडलं काय, तर मोड आलेली मेथी, बी इजिप्तहून आलेलं. जवळजवळ चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून जास्त गेली, कित्येकांच्या किडन्या बंद पडल्या. आमच्या घरात आई मोड आणायची तशीच मी आणायचे, तोवर कधी मनात आलं नव्हतं.

त्यात चूक मोड आणणाऱ्याची असेलच असं नाही. जंतू बियाच्या सालीच्या भेगांत असतात आणि मोड येण्यासाठी आपण जे ओलं उबदार फडकं देतो, तेच त्यांनाही हवं असतं. वरून कितीही धुतलं तरी पूर्ण जात नाहीत. मी आता मटकी-मूग चाळणीवर दोन-तीन मिनिटं वाफवते. कुरकुरीत राहतात. कच्च्या नियमात बसत नाहीत, त्याला इलाज नाही.

अडगळीतला_पाटा
मेघनाताईंच्या पोस्टला पुस्ती. मूग-मटकी वाफवून तरी चालतात, राजमा मोड आणून कच्चा खाणं म्हणजे हौसेने दवाखाना. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, मूठभर दाण्यांत उलट्या-जुलाब. भिजवून, पाणी फेकून, खळाखळा उकळल्याशिवाय जात नाही, अर्धवट कोमट शिजवलेला तर जास्त वाईट. सोयाबीनही कच्चं नको. "मिलेट्सचे मोड" ही हल्लीची टूम, पण ज्वारीच्या मोडात सायनाइड देणारं द्रव्य तयार होतं. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती याचमुळे. नाचणीला मोड आणून वाळवून सत्त्व करतात ते वेगळं, ते शेवटी शिजतंच.

अळू आणि सुरण कच्चे खाऊन बघायची गरज नाही, घसा आपोआप सांगेल. आणि दुधीचा रस. सकाळी ट्रॅकवरून फिरून आलेले काका लोक घेतात तो. दुधी कडू लागला तर एक घोटसुद्धा गिळायचा नाही. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) समितीनेही तेच सांगितलं. आधी तुकडा चाखायचा, कडू असेल तर अख्खा दुधी फेकायचा. "कडू म्हणजे मधुमेहाला चांगलं" हे डोक्यातून काढा.

गंगेवरची_सई
अहो, हे शेवटचं वाक्य बरं सांगितलंत. शिबिरात दुधी-कारल्याचा रस मिळायचा, आणि फ्रीजमध्ये आत्ता एक दुधी आहे. चाखून बघते.

पानाफुलांतली
माझ्या मैत्रिणीने रोज सकाळी दोन जुड्या पालकाची हिरवी स्मूदी सुरू केली होती आणि पुढे मूतखडा. पालकात ऑक्झलेट फार. खड्याचा इतिहास असेल तर पालक कच्चा भरमसाट नकोच, त्यापेक्षा लेट्यूस, कोथिंबीर, पुदिना, कोबी फिरवून वापरा. थायरॉइडवाल्यांनी कोबी-फ्लॉवर रोज कच्चा नको.

बाकी कोबीतल्या अळीचं काय? ती मेंदूत जाते म्हणे.

स्टेथो
कोबीत दिसते ती हिरवी अळी फुलपाखराची किंवा पतंगाची असते, चुकून खाल्ली तरी काही होत नाही. मेंदूत जातो तो डुकरातला पट्टकृमी (टेपवर्म) वेगळा. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात, सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीवर, न धुतलेल्या हातांवर. डोळ्यांना दिसत नाहीत. पोटात गेली की अळ्या रक्तातून मेंदूत जाऊन गाठी करतात, पुढे फिट्स येतात. शाकाहारी घरांतही असे पेशंट आम्ही बघतो, तेव्हा डुक्कर न खाण्याने सुटका होत नाही. शिजवल्याने अंडी मरतात, मिठाच्या पाण्याने मरतील यावर विसंबू नका. पान न्‌ पान सुटं करून वाहत्या नळाखाली चोळून धुवायचं. कोबीची बाहेरची पानं काढून टाकायची. नाल्याकाठची भाजी कच्ची खाण्यासाठी घ्यायचीच नाही.

दात_ओठ
एक दंतवैद्य म्हणून फक्त एवढंच: दिवसभर लिंबू, संत्री, द्राक्षं चघळत राहिलात तर दातांचं आवरण झिजतं. खाऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, लगेच ब्रश करू नका.

निफाडचा_बागवाला
ताई, द्राक्षांचं विचारलं नाहीत पण सांगतो, कारण कच्चा आहारवाले आमच्याकडून किलो-किलोने नेतात. मण्यांवर जी पांढरी लव असते ती मेण आहे, नैसर्गिक. बोटाने पुसली की मणी चकाकतो. ती बघून लोक म्हणतात फवारणी आहे. फवारणीचे डाग निळसर, एका बाजूला ओघळलेले असतात, बोर्डोचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे. औषधांना काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं. युरोपला जाणाऱ्या बागेची अपेडाच्या (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) ग्रेपनेटवर नोंद असते, नमुना लॅबमध्ये जातो, अंश जास्त निघाला तर माल जात नाही. 2010 ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून तिकडे माल अडकला तेव्हा आमच्या भागात फार नुकसान झालं, तेव्हापासून निर्यातवाले काटेकोर झाले. गाडीवरच्या द्राक्षाला असं कागद दाखवणारं कुणी नसतं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

ओळखीच्या बागेतून घ्या. घरी आणल्यावर टोपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग नळाखाली धुवा. सालीवरचं बरंच जातं, सालीच्या आत मुरलेलं जात नाही.

आणि साखरेचा हिशेब ठेवा. द्राक्ष गोड लागतं ते उगाच नाही. आजींना घडच्या घड नको.

आज्जीची_विळी
इतका वेळ वाचतेय. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. चिरतंय कोण?

वरण-भाताचा कुकर लावला की अर्धा तास मोकळा. कच्च्या आहारात चौघांसाठी दोन वेळा निवडा, धुवा, पुसा, किसा, चिरा, नारळ खवा, दाणे भिजवा, मोडांचं फडकं बदला. तेही ऐन वेळी, कारण चिरलेली काकडी तासात पाणी सोडते आणि किसलेलं सफरचंद काळं पडतं. शिबिरात तयार ताट समोर येतं. आमच्या घरी असा प्रयोग झाला तेव्हा मी विळी आणि मेथीच्या जुड्या यजमानांसमोर ठेवल्या होत्या. नंतर दिवसातल्या एकाच जेवणावर आलं सगळं, आणि ते टिकलं.

हिरवा_कंदील
विळीताई, बरोबर. मी स्वतः चिरतो म्हणून मला ते लक्षातच आलं नाही. फूड प्रोसेसर घ्या, चकत्या आणि कीस दोन्ही मिनिटांत.

अडगळीतला_पाटा
सईताईंच्या चार वाजताच्या कावळ्यांचा हिशेब कुणी आकड्यांत मांडला नाही, म्हणून मांडतो. 100 ग्रॅम काकडीत साधारण 15 उष्मांक. तेवढ्याच मोडाच्या मुगात 30. अर्धा किलो मिश्र कोशिंबीर म्हणजे फार तर दीडशे, एका ज्वारीच्या भाकरीएवढी, तीही तेल न घालता. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर, ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या आसपास, एका केळ्यात शंभरेक. म्हणजे ज्याला दिवसाचे दोन हजार भरायचे आहेत त्याने बदाम, दाणे, खजूर, केळी यांवरच जगायचं आहे, काकडी नुसती शोभेला. वजन उतरतं ते यामुळेच. वजन उतरवायचं नाहीये अशा अकरावीच्या मुलीला हे देऊ नका.

मटकीची_तर्री
आणि मिसळीत किती?

संपादक
मिसळीचा धागा वेगळा आहे, कृपया तिकडे. इथे वैयक्तिक आजारांची माहिती, रिपोर्टचे फोटो टाकू नयेत.

गंगेवरची_सई
सगळ्यांचे मनापासून आभार. शिमगाही होऊन गेला, तेव्हा सध्या काय चाललंय ते सांगते.

सासूबाईंची भाकरी, भाजी, वरण जसं होतं तसं. त्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले जेवणाआधी वाटीभर काकडी-टोमॅटो वाढवा, बाकी हलवू नका. लेकीचा डबा पोळीभाजीचाच, सोबत फळ. अहो आणि मी दुपारचं एक जेवण कच्चं करतो, रात्री सगळ्यांबरोबर शिजवलेलं. अहोंचं रक्त तपासलं, बी-12 खरंच खाली होतं, गोळ्या सुरू झाल्या. त्यावरून घरात थोडी शांतता आहे. चहा परत आलाय, सकाळचा एक. मोड वाफवूनच. दुधी गोड निघाला, त्याची भाजी केली.

विळी त्यांच्याकडे दिली आहे. पहिल्या दिवशी मेथी निवडायला इतका वेळ लागला की जेवणं तीनला झाली, पण आता हात बसलाय. बुधवारी पिशव्या घेऊन गंगेवरही तेच जातात, आणि बायकांशी घासाघीस न करता जुड्या आणतात याचं मला वाईट वाटतं, पण असो. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका पाला घेऊन बसतात त्यांच्याकडून घोळ आणली होती, ती किंचित आंबट पानं टोमॅटोबरोबर फार छान लागली.

आता एकच अडचण उरलीय. दुपारी काहीतरी कुरकुरीत हवं असतं. पापड नाही, शेव नाही. काय देऊ?

आज्जीची_विळी
जवसाच्या पापड्या कर. जवस वाटीभर घेऊन दीड वाटी पाण्यात रात्रभर भिजव, बुळबुळीत होतील, तसेच हवेत. त्यात दोन कांदे, एक टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ वाटून मिसळ. प्लॅस्टिकच्या कागदाला तेलाचा हात लावून अगदी पातळ पसरव, जाड राहिलं तर आतून आंबतं. आता ऊन चढलंय, सकाळी नऊला गच्चीवर घातल्या तर दुपारी उलटवता येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवायचं. मोडल्यावर कट्‌ आवाज आला की डब्यात. ढगाळ असेल तर त्या दिवशी घालूच नकोस. दोघांनी तीन-चार पापड्या पुष्कळ, जवस पोटाला ढिलं करतं, वर पाणी प्यायचं.

अडगळीतला_पाटा
एप्रिलमध्ये नाशिकची हवाच चाळिशीला टेकते, गच्चीची फरशी त्याहून तापते. कागद फरशीवर ठेवलात तर 45 ओलांडणार. दाजींना सांगू नका किंवा खाट वापरा.

गंगेवरची_सई
खाट आहे, गच्चीवरच पडून आहे. जवस उद्याच आणते. विळीताई, लाल कांदा घेऊ की उन्हाळी?

आज्जीची_विळी
उन्हाळी. लाल कांदा पाणी जास्त सोडतो, वाळायला वेळ लागेल.